तीन पाट्यांची कमान

भट्टीखात्यात काम केलेल्या माणसाला किस्से विचारू नयेत. एक सांगायला जावं तर मागून चार निघतात आणि समोरचा चहा गार होतो. पण तुम्ही विचारलंतच, तर ऐका आता!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडजवळ, चारी बाजूंना ज्वारी आणि मध्ये आमचा कारखाना. गाड्यांच्या कमानी करायचो. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. ते भट्टीत लाल तापवायचे, तेलात बुडवून कडक करायचे, मग ओव्हनमध्ये बेताच्या आचेवर पुन्हा तापवून चिवट करायचे. त्यात एक ऑर्डर आली टांग्याच्या हलक्या कमानीची. पाच पाट्यांचं ओझं तीन पाट्यांनी पेलायचं!

भट्टीवर होता ज्ञानोबा. निघोज्याचा, शेतकऱ्याघरचा, नोकरी हंगामी. मालकांनी तोंडावर सांगून टाकलं, "कमान जमली तर तू कायम. नाही जमली तर घरी." मी त्याच खात्यात पाट्यांचा कडकपणा तपासून रजिस्टर लिहायचो. आणि आमच्या डोक्यावर जोगळेकर फोरमन, पुण्याहून सायकल हाणत येणारे. शिस्त म्हणजे जीव की प्राण!

*

एकदा भट्टीचं टेंपरेचर दाखवणारं मीटर बंद पडलं. ज्ञानोबाचं काय अडतंय! तो डोकावून रंगावरूनच सांगायचा.

"ज्ञानोबा, टेंपरेचर?" जोगळेकर ओरडले.

"मिरची हाय साहेब."

पाच मिनिटांनी पुन्हा, "आता?"

"झेंडू झालाय. काढा भाईर!"

मी आपलं निमूटपणे रजिस्टरात तेच लिहीत गेलो. महिन्याभराने मुंबईहून एक तपासनीस आले. त्यांनी पान उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे झेंडू म्हणजे किती डिग्री?"

जोगळेकरांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी तर बुटांकडेच बघत राहिलो. ज्ञानोबा मात्र अदबीने पुढे झाला.

"कंचा झेंडू साहेब? दसऱ्याचा का दिवाळीचा?"

*

तेच तपासनीस नंतर ओव्हनपाशी आले. ओव्हन नुकताच पेटवलेला, अजून कोमटच. जोगळेकरांनी ऐटीत दार उघडलं. आत चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, अशी पाच रताळी!

"हा काय प्रकार आहे?" जोगळेकर किंचाळलेच.

"साहेब, ओव्हन समदीकडं सारखा तापतोय का बघतुया," ज्ञानोबा म्हणाला. "मागली रताळी कच्ची ऱ्हात्यात, पुढली करपत्यात. पाट्यांचं बी तसंच व्हत आसंल की!"

आता गंमत बघा. एकाच खेपेतले मागचे पाटे मोडतात आणि पुढचे वाकतात, ते का, म्हणून आठवडाभर आम्ही डोकं आपटून घेत होतो! तपासनीसांनी वहीत लिहिलं, "ओव्हनची तपासणी समाधानकारक." आणि मधलं रताळं स्वतः खाल्लं.

*

ज्ञानोबा भट्टीवर आहे म्हटल्यावर निघोज्याची मंडळी गप्प बसतील होय? कुणी विळा आणतंय, कुणी खुरपं. "एवढं पाणी पाजून दे रं!" म्हणजे पातं तापवून कडक करून दे. तो बापडा मुठी काढून आमच्या पाट्यांबरोबरच ती अवजारं भट्टीत सारायचा.

हलक्या कमानीच्या नमुन्याचे पाटे पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे गेले, तेव्हा त्या खोक्यात एक खुरपं गेलं. चार दिवसांनी पत्र आलं. जोगळेकरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"मालातील एक नग आकाराने चुकला आहे. कडकपणा मात्र फक्त त्याचाच बरोबर आहे. बाकीचे नग तसेच करून पाठवावेत."

*

याच सुमारास ज्ञानोबा मुलगी बघायला चाकणला गेला. मलाही नेलं. मुलीचे वडील आबा, कांद्याचे व्यापारी. माणूस एवढा थोरला की बैठकीवर तिघांची जागा एकटेच अडवून बसलेले!

आता पाटा कडक झाला की नाही हे आम्ही आधी कानस घासून बघायचो. त्यामुळे ज्ञानोबाच्या खिशात कानस कायमची. मुलगी पोहे घेऊन आली आणि आमचे राजे पानाच्या तबकातला अडकित्ता उचलून त्याच्या पात्यावर कानस घासतायत!

"मऊ हाय," त्याने निकाल दिला.

आबांचा चेहरा लाल. "आमच्या आज्याचा आडकित्ता हाय त्यो! पोरगी बघाया आलाय का आडकित्ता?"

"दोनी," ज्ञानोबा म्हणाला. "पोरगी पसंत हाय. आडकित्ता भट्टीत घालावा लागंल."

मुलगी पदराआड फसकन हसली. आबांनी मात्र ठणकावलं, "नोकरी कायम झाल्याबिगर पोरगी देणार न्हाई!" आणि ज्ञानोबाला तर मुलगी फारच आवडली होती, राव.

*

शेवटी परीक्षेचा दिवस आला. शेडमध्ये टांगा उभा केला, खाली त्या खुरप्याइतक्याच कडक केलेल्या तीन पाट्यांच्या कमानी. घोडा सोडून बाहेर लिंबाखाली बांधला. दोन तास पूर्ण ओझं ठेवायचं आणि काढल्यावर कमान खडूच्या खुणेपर्यंत परत वर आली पाहिजे. लोखंडी वजनं चढवली, तर तीन मण कमी!

तेवढ्यात आबा हजर. भरपेट जेवून आलेले. "पोरगा कायम झाला का, मालकास्नी इचारतो आन् लगीच चाकणला जातो. वाहन बघा कायतरी."

जोगळेकरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"वाहन तयार आहे, आबा. तुम्ही बसा टांग्यात, मालकांना मी विचारतो."

आबा चढले. कमान कर्रकन खाली गेली. शेडमध्ये गारवा होता, आबा बसल्या बसल्या घोरायला लागले. ज्ञानोबा पांढराफटक!

"साहेब, कमान मोडली तर सासरा गेला, खालीच ऱ्हायली तर नोकरी गेली!"

"हळू बोल," जोगळेकर कुजबुजले, "वजन हलेल."

दोन तास कुणी हातोडा उचलला नाही. मालकसुद्धा चपला हातात घेऊन आले. मग आम्ही वजनं उतरवली आणि जोगळेकरांनी आबांना हलवलं. आबा डोळे चोळत खाली उतरले. कमान हळूहळू वर आली आणि बरोब्बर खुणेवर थांबली.

"ज्ञानोबा, उद्यापासून तू कायम!" मालक म्हणाले. ज्ञानोबाने बाहीने डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

आबांनी टांग्यावर थाप मारली.

"काय कमान केलीस रं पोरा! एवढ्या खड्ड्यांतनं चाकणला आलो, एक दणका बसला न्हाई. पोरगी दिली!"