शिलेदाराचं नाक

दिवाळीत नातवानं फोडलेल्या फटाक्यांच्या चिंध्या झाडताना जळक्या बारुदीचा वास नाकात शिरला, आणि मी पुन्हा तेरखेड्यात रद्दीच्या ढिगापुढं जाऊन बसले.

दुष्काळाची सालं होती. रानात काम नव्हतं, म्हणून आम्ही बाया फटाक्यांच्या कारखान्यात रद्दीच्या नळ्या वळायला जायचो. रद्दीत चित्रकथांचे जुने अंक यायचे. त्यातला मोडक्या नाकाचा, भेगाळल्या टाचांचा शिलेदार मला आमच्यातलाच वाटायचा. एके दिवशी अंक उघडला तर घोडा तोच, तलवार तीच, पण नाक सरळ आणि टाचा गुळगुळीत! चित्र काढणारा हात बदलला होता आणि अंकात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

मी सरळ नाकाच्या अंकांच्याच नळ्या वळल्या. मोडक्या नाकाचे मांडीखाली दाबून ठेवले. म्हातारे मुकादम रहीमचाचा ओरडले, "कागद तो कागद! बारुदीला तोंड दिसतं व्हय?"

"बारुदीला न्हाय दिसत, चाचा. मला दिसतंय."

"मग उद्यापासून येऊ नगंस."

"ते तुम्ही ठरवा. पण ह्याच्यात मी बारूद भरू देणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. चाचांनी खळीचा डबा माझ्याकडं सरकवला.

आता वाटतं, नव्या चित्रकारालाही पोट असेल. मालकानंच नाक सरळ करायला सांगितलं असेल. तरी ते नाक मी मानत नाही. वाचणाऱ्याला काय कळतंय, म्हणून त्यांनी गुपचूप हात बदलला. तेरखेड्यात नळ्या वळणाऱ्या बाईला कळलं होतं.