रिवाजाची उलटतपासणी

पक्षकार समोर बसला की सय्यद वकील आधी कागद मागत नसत. "तुमच्यात काय करत्यात?" असं विचारत. लग्न असो, फारकत असो, दत्तक असो, पहिला प्रश्न हाच. बीडच्या कोर्टात सगळे त्यांना वकीलचाचा म्हणत. मी त्यांच्या हाताखालचा, नव्या कोटातला दीडशहाणा. एकदा म्हणालो, "चाचा, देशाचा कायदा असताना जातीधर्माचे रिवाज कोर्टात कशाला?"

चाचा पान जुळवत म्हणाले, "येऊ दे की बे. साक्षीदार म्हणून येऊ दे, जज म्हणून न्हाई. आन साक्षीदार म्हणल्यावर उलटतपासणी आलीच."

ते मला कळलं दुष्काळाच्या साली. दिंद्रुडकडची शेवंताबाई आली. पहिल्या नवऱ्याशी तिची काडीमोड झालेली, म्हणजे पंचांपुढे काडी मोडून फारकत. मग दुसऱ्याशी पाट, म्हणजे दुसरं लग्न. हा दुसरा ऊसतोडीला गेला आणि तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. दिराने दावा ठोकला: काडी मोडून कुठं फारकत होते का? मग पाटही खोटा, ही भावाची बायकोच नव्हे, त्याचे दोन एकर आमचे. गावची सोसायटीही सभासद म्हणून तिचं नाव लावेना. दावा हरली असती तर बाई उघड्यावर पडली असती.

चाचांनी गावचा म्हातारा पंच साक्षीला आणला. समोरच्या वकिलाने विचारलं, "काडीमोडीला बाई राजी होती का?"

पंचाने मिशीवरून हात फिरवला. "बाईला कावून इचारायचं? आमच्यात पंच ठरवत्यात!"

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. बाईच्या मर्जीविना झालेली फारकत कोर्ट मानणार नव्हतं. आपलाच साक्षीदार आपल्या मुळावर उठला होता. चाचा शांतपणे उभे राहिले. "साहेब, रिवाज असा असंल तर कोर्टानं फेकून द्यावा, मी आडवा येणार न्हाई. पण एकदा बाईला इचारा."

शेवंताबाई पिंजऱ्यात आली. खाली बघत म्हणाली, "काडीचं एक टोक त्याच्या हातात हुतं, एक माझ्या. त्यो मोडना. म्याच मोडली."

पंचाला ते आठवलं आणि त्याने मान डोलावली. रान तिच्याकडे राहिलं. त्या दिवशी मला माझ्या त्या जुन्या प्रश्नाची लाज वाटली.

पुढे चाचा वारले तेव्हा शेवंताबाई कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होती. आत बायका जात नाहीत. पदरात तिच्या रानातली माती होती. "येवढी मूठभर चाचांच्या कबरीत टाकली तर चालंल का?" तिने मला विचारलं. मी मौलवींकडे पाहिलं, त्यांनी जाणत्यांकडे. बाहेरच्या रानातली माती टाकायचा रिवाज कुणालाच ठाऊक नव्हता. चाचांचा मुलगा फाटकापर्यंत आला आणि त्याने तिच्यापुढे ओंजळ धरली.