खुशालरावांनी अल्बमला नावं ठेवली

वलगावच्या खुशालराव दलालांनी एखाद्या गोष्टीची तारीफ केली, की ती गोष्ट कामातून गेली म्हणून समजा! माणूस वाईट नव्हे हो. उभा जन्म बैलबाजारात गेला, आणि तिथला कायदाच उलटा. जो गोऱ्हा मनात भरला त्याला चारचौघांत नावं ठेवायची, "शिंगं वाकडी, चाल ढिली!" जो घ्यायचाच नाही त्याला म्हणायचं, "वा, राजा हाय राजा!" खरी किंमत सांगायची ती दुपट्ट्याखाली, बोटं दाबून. पाचही बोटं मुठीत धरली म्हणजे पूर्ण भाव. आणि मूठ सुटली की सौदा पक्का, जनावर दुसऱ्याच्या दारी.

ही खोड घरातही शिरली. लग्नात अंतरपाट दूर झाला तसे खुशालराव सुभद्राबाईंकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "नाक बसकं हाय." मांडवात रडारड! संसार मात्र झकास झाला. पुढं एका सोयऱ्याच्या जिलबीला ते चुकून "काय सुरेख" म्हणाले, तर बिचाऱ्यानं अख्खी परात गाईपुढं ओतली.

त्यांची लेक रागिणी अमरावतीच्या कॉलेजात शिकायची. तिथं पोट्टे जमवून तिनं सिम्फॉनिक मेटलचा अल्बम केला. म्हणजे इकडून व्हायोलिनांचा ताफा नि कोरस, तिकडून गिटारींची गुरगुर, अफनानचे ड्रम, आणि या सगळ्या कल्लोळावर रागिणीचा गळा. बंगलोरच्या एका कंपनीनं बँडला बोलावलं होतं, तिकडंच राहायला. रागिणीनं मात्र घरी सगळ्यांना बजावलं, "बाबांनी नावं ठेवली तरच जाईन. तारीफ केली तर अल्बम घरीच बरा, अन् मी बी."

झालं! खुशालरावांची एकुलती एक पोर. नुसतं "वा" म्हटलं की पोर घरात राहणार होती.

अंगणात कडब्याच्या गंजीवर स्पीकर ठेवला. पहिलं गाणं सुरू झालं तशी शेजारची म्हैस दावं तोडून वेशीकडं पळाली. कोरस इतका दांडगा, की त्याखाली रागिणी कुठं गेली ते कळेना.

"वा! लय गोड," खुशालराव म्हणाले, आणि बाजाराच्या कायद्यानं ते खरंच बोलले.

रागिणीचा चेहरा पडला. दुसऱ्या गाण्यात व्हायोलिनं आणि गिटारी सवतींसारख्या भांडत होत्या. एकीचं ऐकावं तर दुसरी मधी.

"वा वा!"

आता रागिणी रडायलाच आली. अफनान बापडा नवखा, तो खूश होऊन पेढे शोधत होता.

मग तिसरं गाणं लागलं. सगळी वाद्यं एका दावणीला आली, ड्रम छातीत वाजला आणि त्यातून पोरीचा आवाज असा वर चढला, की खुशालरावांच्या अंगावर काटा आला. ही माझी पोर? हीच ती, हागणदारीला जायला भिणारी? एक "वा" म्हण रे खुशाल्या, एकच! तोंड उघडलं. पण चांगल्या जनावराला खोटं "वा" म्हणणं या माणसाला आजवर जमलं नव्हतं, ते आज कुठलं जमणार?

"हे काय गाणं हाय!" ते ओरडले. "ढोल डोकं फोडून राहिला! सारंग्या बोंबलून राहिल्या! अन् पोट्टी इतकी वर चढली काहून? उतरवाले शिडी लावा आता! थू!"

"काका, इतकं खराब हाय काय?" अफनानचा पेढा हातातच राहिला.

रागिणी मात्र टाळ्या पिटत उड्या मारत होती. खुशालरावांनी तिला जवळ ओढलं, खांद्यावरचा दुपट्टा तिच्या हातावर टाकला आणि खाली तिची पाचही बोटं मुठीत धरली.

गाणं संपलं. अल्बम संपला. पळालेली म्हैसही घरी आली. मूठ काही सुटेना.

"अवो, सोडा आता," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बाजार उठला."

खुशालरावांनी लेकीकडं डोळे भरून पाहिलं.

"हिचं बी नाक बसकंच हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी मूठ उघडली.