रुपचंद आबांची दुसरी घागर

आमच्या गावात एकाहत्तरच्या लढाईतून परतलेले रुपचंद आबा एकटेच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते पितरांच्या घागरीशेजारी आणखी एक घागर भरत. जखमी आबांना स्वतःजवळचं पाणी पाजून जो सोबती तिथंच मेला, त्याच्यासाठी.

"आबा, तो तुमना भाऊबंद शे का?" आम्ही चिडवायचो.

"तुमनापेक्षा जवळना शे," ते म्हणत.

यंदा आबा गेले. आखाजीला त्यांच्या मुलानं, नवलनं, दोन्ही घागरी भरल्या. विस्तवावर घास टाकताना पितराचं नाव घ्यावं लागतं. आबा सोबत्याचं नाव मनातच घेत.

शेजारच्या वच्छलाबाईंनी मला विचारलं, "नाना, तेनं नाव काय व्हतं?"

 आम्ही थट्टाच केली, नाव कधी विचारलं नाही. शेवटी नवलनं "आबाना सोबती" म्हणून घास टाकला.