पदराखालचे कुरळे केस

जवळा बाजारच्या शिलाने वसमतच्या सलूनमध्ये बायकांचे केस कापायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात एकच माणूस तिच्या बाजूने उभं राहिलं, ते म्हणजे सासू. आमच्याकडे सासूने सुनेची बाजू घेतली की लोक आधी सासूची तब्येत विचारतात. पद्माबाईंनी लोकांना विचारू दिलं आणि सुनेला सकाळच्या एसटीत बसवून दिलं.

सलूनच्या मालकीणबाई, प्रियदर्शनी मॅडम, यांनी शिलाच्या हाती आधी झाडू दिला, मग कंगवा, मग सरावाचं नकली डोकं. त्याचे केस सरळसोट. शिलाचा हात छान बसला. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता घरचं कुणीतरी बसव. पण ध्यानात ठेव, आपल्या बायकांचे केस तेलानं अन् वेणीनं सरळ दिसतात. धुऊन पुरते वाळू दे, खरे कसे हायेत ते बघ, मग कात्री लाव."

"माझ्याच डोक्यावर शीक," पद्माबाई म्हणाल्या. "शेंडे पार झडलेत, खांद्यापर्यंत आण. पण पुतणीच्या लग्नात अंबाडा बसला पायजे." न्हाल्या न्हाल्या ओल्या केसांना तेल चोपडून वेणी घालायची, हा त्यांचा लहानपणापासूनचा रिवाज. आपले केस मोकळे कसे दिसतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

शिलाने केस धुतले. शेजारच्या दोघी बघायला येऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर वाळायची वाट बघत बसणं तिला कमीपणाचं वाटलं. मला विचाराल तर सगळं तिथंच बिघडलं. तिने ओली बट ताणून धरली, खांद्याशी नेली आणि कापली. शेजारणींनी माना डोलावल्या. मग केस वाळू लागले, कुरळे होत वर चढू लागले आणि चहा होईस्तोवर कानापाशी जाऊन बसले.

"ह्ये काय झालं गं?" पद्माबाईंनी चाचपून विचारलं.

"केसच तसे निघाले, आत्याबाई."

तोंडातून निघून गेलं, आणि पद्माबाईंना ते पटलंसुद्धा. "माझेच केस वंगाळ," म्हणत त्यांनी पदर ओढून घेतला. तेव्हापासून तो चुलीपुढेही उतरेना. घाम पुसत भाकरी थापणाऱ्या सासूकडे बघून शिलाला अन्न गोड लागेना. आपण चुकलो, आणि वर खोटंही बोललो, हे तिला आतून खात होतं.

कनेरगाव नाका या गावी पुतणीच्या लग्नात अक्षता टाकताना तो पदर घसरलाच.

"काहून हो पद्माबाई, सुनेनं भादरलं व्हय?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या.

"सुनेचा हात बराबर हाय," पद्माबाई म्हणाल्या. "माझे केसच तसले."

मागे उभ्या असलेल्या शिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत तिने सांगून टाकलं. "आत्याबाई, केसांची चूक न्हाई. वाळवून काप, असं मॅडमनं सांगितलं होतं. मला त्या दोघींपुढं मिरवायचं होतं. अन् मी तुमच्याच केसांना नाव ठेवलं."

पद्माबाईंनी घसरलेला पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. घरी आल्यावर शिलाने कात्री पेटीत टाकली. वसमतला आता जायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. सकाळची एसटी तिच्याविना जाऊ लागली.

मग एका रविवारी पद्माबाई न्हाल्या आणि तेल न लावता अंगणात उन्हाला बसल्या. पदर खांद्यावर, डोकं उघडं. त्याच शेजारणी येऊन टेकल्या तरी त्या हलल्या नाहीत.

"शिला, मागून वाकडंतिकडं झालंय. कात्री आण."

शिलाने कात्री आणली खरी, पण मिटलेलीच धरून ठेवली. "आत्याबाई, मला न्हाई जमायचं."

पद्माबाईंनी तिचा रिकामा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"आधी बघ," त्या म्हणाल्या, "वाळले का."