मांडीवरचा पत्रा

राजापेठेत तेलाचे डबे कापणाऱ्याच्या दुकानावरून जाताना तापल्या पत्र्याचा वास आला, की मला सातवीतलं गॅदरिंग आठवतं. नाटकात आम्ही मुली तेलाच्या डब्यांचा पत्रा बांधून युरोपातले चिलखती घोडेस्वार झालो होतो. इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे मी मांडीला फक्त पुढून पत्रा बांधला. नाटक बसवणारे सर भडकले, “मागून उघडं कावून ठेवलं? सगळ्यायसारखं गोल लाव!” मी म्हटलं, “मागून पत्रा असला तर घोड्यावर बसता येत नाई, सर. मी नाई लावत.” प्रयोगात आम्ही बाकांच्या घोड्यांवर बसलो मात्र, पत्रा टोचून बाकीच्या साऱ्या ताडकन उठल्या. मी एकटीच बसून राहिले. सर पडद्याआडून ओरडले, “तू बी उतर!” मी उतरले नाही. अजूनही उतरलेली नाही.