उसनं नाक

आमच्या समोरच्या दारातल्या काकांनी गॅसच्या सिलिंडरचा जेवढा धसका घेतला होता, तेवढा मीरा रोड स्टेशनपासून उत्तनच्या समुद्रापर्यंत दुसऱ्या कुणी घेतला असेल तर मला आणून दाखवा. शांती नगरातल्या आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. बाकीचे आपापल्या सिलिंडरला विसरून टीव्ही बघतात, गावाला जातात, लग्नं लावतात. काका मात्र भाजी आणायला निघाले की अर्ध्या जिन्यावरून परत यायचे, कुलूप उघडायचे, रेग्युलेटर बंद आहे हे हाताने चाचपायचे आणि पुन्हा उतरायचे. एकदा तर सिल्व्हर पार्कपर्यंत पोचलेली रिक्षा त्यांनी तशीच वळवून आणली. "बंदच होता रे," दार लावताना मला म्हणाले, आणि चेहरा असा पडलेला की उघडा सापडला असता तर निदान खेप सार्थकी लागली असती.

कारण होतं त्याला. कोरोनात काकांचा वास गेला. पुढे जिभेला गोड-खारट कळायला लागलं, पण वास काही आला नाही. काकू होत्या तोवर घरात एक नाक शाबूत होतं. त्या गेल्या आणि काका त्या वन बीएचकेमध्ये एकटे उरले. उभी हयात शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस, त्यामुळे आपलं नक्की काय हरवलंय हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. "गॅसला स्वतःचा वास नसतोच," ते सांगायचे. "गळला तर कळावा म्हणून मुद्दाम घालतात. अख्ख्या देशासाठी घातलाय, मला तेवढं वगळलंय." असं काही बोलून ते हसायचे. ते हसणं ऐकून आपल्याला मात्र हसू यायचं नाही.

रोज सकाळी ते वाटीत साबण फेसायचे, दाढीच्या ब्रशने रेग्युलेटरला, नळीला, जोडावर फासायचे आणि समोर पाटावर चष्मा सरसावून बसायचे. बुडबुडा फुगला म्हणजे गळती. स्वतःची दाढी आठवड्यातून दोनदा, सिलिंडरची रोज! माझी बायको म्हणायची, "आता त्याला पावडर लावायची तेवढी राहिलीय." पण फेस फक्त नळीचं सांगणार. शेगडीचं बटण चुकून उघडं राहिलं तर कोण सांगणार? तर त्यासाठी मी होतो.

पहिला महिनाभर मला पत्ताच नव्हता. संध्याकाळी ऑफिसातून आलो की काका दारात उभे, "ये, चहा टाकलाय." मी आपला खूश. चहा म्हणाल तर भयंकर, आलं किती पडलंय याचा त्यांना अंदाजच येत नसे, घशाखाली उतरताना डोळ्यांतून पाणी यायचं. पण प्रेमाने बोलावतात म्हणून प्यायचो. मग एक दिवस म्हणाले, "जरा स्वयंपाकघरात जाऊन ये. आणि खाली वाक, गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीशी बसतो." त्या दिवसापासून बावन्न वर्षांचा मी, पोट सांभाळत, रोज संध्याकाळी त्यांच्या लादीला नाक लावून ओणवा व्हायचो. उठून म्हणायचो, "काही नाही, काका." मग कुठे त्यांचा कप तोंडाला लागायचा.

मी म्हटलं, गॅस गळल्यावर वाजणारं यंत्र मिळतं, ते बसवू या. तर दोन्ही हात जोडले. "नको रे बाबा. भिंतीवर दिसलं की लेक विचारणार, हे कशाला? मग वास गेल्याचं कळणार, आणि दुसऱ्या दिवशी माझी बॅग तिच्याकडे, डोंबिवलीला." लेक गुणाची, रोज फोन करणारी. पण काकांना आपल्या घरात, आपल्या हाताने केलेला तो जहाल चहा पीत मरायचं होतं. तेवढंच मागणं होतं त्यांचं. म्हणून मीही गप्प बसलो. शहाणपणा कुठला सुचायला!

त्या दिवशी मी गेलो तेव्हा ते लेकीशी फोनवर बोलत होते. चहा करून ठेवलेला. मला हातानेच खूण केली, जा, बघून ये. चार दिवसांपासून माझं नाक पार चोंदलेलं होतं. सांगायला हवं होतं. पण सांगितलं की ते घाबरणार, चहा तसाच राहणार, आणि इतक्या महिन्यांत कधी वास आला होता का? मी वाकलो, उठलो, बाहेर येऊन मान हलवली. काही नाही.

फोन ठेवून काका दिवा लावायला आत गेले, देवघर शेगडीच्याच बाजूला. काडेपेटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "नीट बघितलंस ना?"

"हो हो, लावा तुम्ही."

मी उघडं टाकलेल्या दारातून शेजारच्या गुजराती बेन ओरडल्या, "काका! गॅस की बास आ रही है! माचिस मत जलाना!"

काडी बोटांतच राहिली. फोनच्या घाईत बटण पूर्ण बंद न होता बारीकवर राहिलं होतं, वाऱ्याने ज्योत विझली होती, आणि जन्मात पहिल्यांदा काका रेग्युलेटर बंद करायला विसरले होते. काकांनी शांतपणे दोन्ही बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, मला म्हणाले, "लाइटच्या बटणाला हात लावू नकोस. बाहेर हो."

बेननी काळजीपोटी लेकीला कळवलं. ती रविवारी आली. सगळं ऐकून मला म्हणाली, "दादा, तुम्ही रोज येता ना? तुम्हाला पण वास आला नाही?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तो आत गेलाच नव्हता. त्याला बोलू नकोस." आणि मी, नालायक, ऐकून घेतलं. दोन दिवसांत काका डोंबिवलीला गेले.

गेल्या महिन्यात राहवेना म्हणून लेकीला फोन करून सगळं खरं सांगितलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती. ते वाजणारं यंत्र मी बसवून घेतो, घराकडे लक्ष ठेवतो, त्यांना परत येऊ दे.

"मी कधीच तयार झाले होते, दादा," ती म्हणाली. "बाबाच नको म्हणतात. म्हणतात, त्याला सर्दी होती हे मला आवाजावरून कळत होतं, तरी मी काडी हातात घेतली. माझ्यामुळे ते पोरगं मेलं असतं."

ते पोरगं म्हणजे मी.